निर्मला, क्रमांक एकतीस

जुन्या इंदुरात, नदीकडे उतरणाऱ्या बोळात
आमचं बालसदन.
पाटीवर चाळीस मुलं,
पंगतीत एकोणीस.
उरलेली एकवीस माझ्या कपाटात राहत.

आधी खोटं नव्हतं हो.
आधी नुसता उशीर होता.
भोपाळहून अनुदान निघायचं चैत्रात
आणि पोचायचं पुढच्या फाल्गुनात,
एकतीस मार्चला, संध्याकाळी पाचला,
आजच खर्च करा नाहीतर परत पाठवा, असं दटावत.
तोवर सियागंजातले केसरीमलजी
तांदळाच्या पोत्यावर हात ठेवून म्हणत,
"मुनीमजी, बच्चों का नाम मत लो, तारीख बोलो."

कुमुदताई म्हणाल्या, पाच नावं वाढवा.
तांदळापुरती.
मग छपरापुरती.
मग जीप आली, तर डिझेलपुरती,
आणि जीप चालवणारा ताईंचा भाचा
कागदावर समुपदेशक झाला, त्याच्यापुरती.

नावं आणणार कुठून?
मी माझा चौथीचा वर्ग पुन्हा भरवला.
दिगू टोणगे, सीताराम, कावळे आडनावाचे दोघे भाऊ.
नारायण बिडवई वार्षिक परीक्षेच्या आधी
गोवरानं गेला होता.
त्याला चोविसावर घेतला
आणि पहिल्याच महिन्यात गोवराची लस टोचली.
व्हाउचर एकशे बारा. सही, शिक्का, सगळं रीतसर.
त्या रात्री मला गाढ झोप लागली.
हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

खरी मुलं म्हणत, डाळ पातळ आहे.
कागदावरची कधी कुरकुरली नाहीत.
त्यांची वजनं मी दरमहा पाव-अर्धा किलो वाढवत नेली.
खऱ्यांची केली नाहीत,
काटा मोडला होता,
दुरुस्तीचं मागणीपत्र गेलेलं होतं.

तपासणीच्या दिवशी
नदीकाठच्या झोपड्यांतून एकवीस पोरं उसनी आणायची.
आंघोळ, डोक्याला तेल, इस्त्रीचा गणवेश,
पोहे, वर पेलाभर दूध.
एकीला म्हटलं, तू निर्मला, क्रमांक एकतीस.
साहेबांनी विचारलं, तिनं बिनचूक सांगितलं.
आणि कुणी न विचारता पुढे म्हणाली,
"यहाँ अच्छा लगता है."
शेरा पडला: मुले आनंदी दिसली.

नंतर दोन वर्षं साहेब फिरकले नाहीत.
ती फिरकायची.
फाटकाच्या गजांत नाक खुपसून,
"बाबूजी, निर्मला कब बनना है?"
मी पावत्या चिकटवत असे.
म्हणत असे, "कळवू."
ती मराठी समजत नव्हती,
पण थांबायचं, एवढं तिला कळायचं.

शेवटी चौकशी लागली.
केसरीमलजींनीच अर्ज केला म्हणतात,
उधारी काही फिटली नव्हती.
अधिकारी बाई तरुण होत्या, चहासुद्धा घेतला नाही.
खरी किती?
एकोणीस, म्हणालो.
अकरा वर्षांनी खरा आकडा उच्चारला,
तोंडात फार लहान वाटला.

एकोणीस जणांना अंगणात उभं केलं.
कुणी देवासला, कुणी धारला,
दोन सख्ख्या बहिणी दोन वेगळ्या गाड्यांत.
कुमुदताईंचा रक्तदाब वाढला होता, त्या आल्या नाहीत.

रांगेच्या टोकाला विसावी येऊन उभी राहिली.
सरकारी गाडीचा आवाज ऐकून पळत आली असणार.
भांग स्वतःच पाडलेला, वाकडा,
तेल नाही, नुसतंच पाणी.
बाईंनी नाव विचारलं.
तिनं आधी माझ्याकडे पाहिलं.
मग मान ताठ करून,
"निर्मला. क्रमांक एकतीस."

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं,
मग दुसऱ्या यादीवरून.
"ही तर खोट्यांमध्ये आहे," म्हणाल्या,
आणि पेनाचं टोपण लावलं.

तिच्या केसांतून पाणी गळत होतं,
फरशीवर, माझ्या चपलेपर्यंत.